अष्टमी त्यांची, दशमी आपली

लढाईत मेलेली माणसं मोजायला वेळ लागतो, किस्से मात्र आपोआप साठत जातात. आमच्या म्हैसूरच्या गल्लीत तर ते लोणच्यासारखे मुरलेत. घाट उतरल्याशिवाय इथून समुद्र दिसत नाही. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि समुद्र पाहिला तो रिटायर झाल्यावर! तरी एका आरमारी लढाईवरून आमच्या गल्लीत जेवढं भांडण झालं, तेवढं कुठल्या बंदरावर झालं नसेल. एकेक सांगते. हसू आलं तर हसा. मला आताशा येत नाही.

*

आमची वस्ती जुन्या म्हैसूर फौजेतल्या मराठ्यांची. पणजोबा घोडदळात, आजोबा घोडदळात आणि त्यानंतरचे सगळे क्लार्क! सुभद्राक्कांचा मोहन नेव्हीत भरती झाला तेव्हा त्याच्या आजोबांनी एवढंच विचारलं, "जहाजावर घोडा कुठं बांधतात रे?"

मोहन म्हणाला, "अज्जा, खाली इंजिनरूममध्ये. माझी ड्यूटी तिथंच आहे."

"मग चारा वेळेवर घालत जा," असं म्हणून अज्जांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सगळे खो खो हसले. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. नवरा आधीच गेलेला, आणि हा एकुलता एक.

*

मग शेजारच्या देशाशी लढाई पेटली. तेव्हा राज्याचं नावही अजून म्हैसूरच होतं. गल्लीत ट्रान्झिस्टर एकच, गोविंदमामांचा. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, कोर्टात शिरस्तेदार. संध्याकाळी कट्ट्यावर ते आधी आपलं स्टेशन लावायचे, मग आवाज बारीक करून शत्रूचं. "दोन्ही पक्ष ऐकावेत. कोर्टात काय करतो आम्ही?"

दोन्ही स्टेशनं रोज एकमेकांची जहाजं बुडवायची. शत्रूचं एक जहाज आपण सोमवारी बुडवलं आणि बुधवारी पुन्हा बुडवलं! मामा म्हणाले, "अय्यो, सोमवारी नीट बुडवलं नव्हतं वाटतं!"

तिकडेही तीच तऱ्हा. आपल्याकडे मुळात नसलेलं जहाजसुद्धा त्यांनी बुडवून दाखवलं! आम्ही पोट धरधरून हसायचो. थाप दुसऱ्याच्या घराबद्दल असली की करमणूक होते.

*

गुरुवारी संध्याकाळी शत्रूच्या स्टेशनने मोहनच्या जहाजाचं नाव घेतलं. पहाटे बुडवलं, म्हणे.

मामा ट्रान्झिस्टर उचलून घरात गेले आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा आपलं स्टेशन लागलेलं होतं. आपली सर्व जहाजं सुखरूप आहेत, शत्रूचा दावा निखालस खोटा आहे, असं निवेदक ठणकावून सांगत होता.

"ऐकलं? सुळ्ळु! त्यांचं सगळं सुळ्ळु!" मामा ओरडले. खोट्याला आमच्याकडे सुळ्ळु म्हणतात. अक्कांनी त्या संध्याकाळी घरोघर गूळखोबरं वाटलं. मीही खाल्लं, आणि मागूनही घेतलं.

पुढच्या आठवड्यात सरकारने जाहीर केलं की जहाज बुडालं. पण गुरुवारी नव्हे, शनिवारी! गुरुवारी ते बुडणार कसं? त्याच संध्याकाळी सरकारने सुखरूप म्हणून सांगितलं होतं ना! सरकारचा शब्द राहावा म्हणून बिचारं जहाज आणखी दोन दिवस तरंगलं. मोहनचा देह काही मिळाला नाही.

*

सांत्वनाला एक तरुण अधिकारी आला. पांढरा कडक युनिफॉर्म, टोपी काखेत. अक्कांनी त्याला कॉफी दिली आणि समोर बसून विचारलं, "कुठल्या दिवशी गेला माझा मोहन?"

"शनिवारी, अम्मा."

"सकाळी की रात्री?"

"ते सांगता येत नाही, अम्मा. गोपनीय आहे."

अक्का त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "नऊ महिने पोटात मी ठेवला, आणि गोपनीय तुमचं?"

पोरगा कॉफी अर्धी ठेवून उठला. जाताना वाकून पाया पडला. मला त्याचा राग आला नाही. त्याला पढवून पाठवणाऱ्यांचा आला, तो अजून आहे.

*

वर्षश्राद्धाची तिथी ठरवायला भटजी कृष्णराजनगरहून पहिल्या बसने आले. त्यांनी पंचांग उघडलं आणि गाडी तिथंच अडली. "गुरुवार धरला तर अष्टमी, शनिवार धरला तर दशमी. कुठली धरू?"

भटजी चांगला माणूस. त्यांनी वाट काढली, "होगली बिडी. राहू द्या ते. तिथी माहीत नसली तर शास्त्रात सोय आहे, अमावास्येला करता येतं."

"माहीत नाही म्हणजे?" अक्का कडाडल्या. "दोन दोन सरकारांना माहीत आहे!"

आणि त्यांनी दोन्ही दिवशी श्राद्ध केलं. दर वर्षी, दोनदा. दोनदा सोवळं, दोनदा खीर. "कुठल्या तरी एका दिवशी पोराला घास पोचेल," म्हणायच्या.

झालं! गल्लीत गदारोळ. दशमी आपली, पण अष्टमी शत्रूची! शत्रूच्या तिथीला जेवायला बसणं म्हणजे देशद्रोह! यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? दोन्ही पक्ष ऐकणाऱ्या गोविंदमामांचा! "आपलं सरकार शनिवार म्हणतं ना? मग शनिवारच. अष्टमीचं पान मला वाढू नकोस, अक्का."

त्यामुळे दशमीला अंगणात पानाला पान लागायचं आणि अष्टमीला मी, भटजी आणि कावळे. त्या दिवशी मामा अक्कांच्या दारावरून जाताना मान फिरवायचे. कावळ्यांनी मात्र कधी कुठलं सरकार विचारलं नाही.

*

खूप वर्षांनी हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात कुणा रिटायर्ड आरमारी अधिकाऱ्याचं भाषण होतं. मी अक्कांना घेऊन गेले. पडद्यावर नकाशा, त्यावर लाल-निळे बाण. साहेब छान बोलत होते. "व्यापक दृष्टीने पाहता ती मोहीम आपण जिंकली. अर्थात त्यांनीही आपल्या लोकांना पदकं वाटली. त्यांच्या दृष्टीने ते जिंकले."

अक्का उभ्या राहिल्या. "सार, गुरुवारी की शनिवारी?"

"मॅडम, त्याबाबत मतभेद आहेत."

"आणि जिंकलं कोण, त्यात मतभेद नाहीत?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. सूत्रसंचालक धावत माइकवर आला आणि म्हणाला, "चहा तयार आहे!" टाळ्या कडकडल्या. आम्ही चहा न घेता बस पकडली.

*

मामा थकले. काठी आली, एका कानाने ऐकू येईनासं झालं. एका अष्टमीला भटजींनी पिंड दिले, कावळा शिवला, मी पानं मांडत होते. एवढ्यात अंगणात काठी वाजली. मामा! चपला काढून, पाय धुऊन सरळ पानावर येऊन बसले.

अक्कांचा हात खिरीच्या पातेल्यातच राहिला. "गोविंदा, आज अष्टमी आहे. तुझ्या सरकारचा दिवस परवा."

"गोत्तु, अक्का," मामा म्हणाले. ठाऊक आहे. मान खाली, आवाज बसलेला. "आज मोहनचा दिवस आहे. तेव्हाच गोत्तु होतं. दार लावून त्यांचं स्टेशन शेवटपर्यंत ऐकलं होतं मी."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मी भटजींकडे. अक्कांनी मामांच्या पानावर खीर वाढली. मामा जेवले आणि भिंतीला धरत घरी गेले.

दोन दिवसांनी दशमी. भटजी नेहमीप्रमाणे पहिल्या बसने आले. अक्का अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या.

"बसा भटजी, कॉफी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आज आमच्याकडे काही नाही."