बिनवासाची पोर

आमच्या मजल्यावर कुणाकडे मूल झालं की बायका आधी त्याच्या टाळूचा वास घेतात. डोळे मिटून एक लांब श्वास, मग "कित्ती गोड!" तोंड त्यानंतर बघतात. हा वास कुठून येतो ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, देवाघरून येत असेल. स्वतःला मुलगी झाली तेव्हा कळलं की तो बाटलीतून येतो, आणि ती बाटली सिल्व्हर पार्कच्या मेडिकलमध्ये वरच्या फळीवर मिळते.

मी राजापूरकडची. शाळा आठवीत सुटली, ती काही फार रडून सुटली नाही. लग्न करून मिरा रोडला आले. नवरा भाईंदरच्या एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतो आणि आम्ही पूनम सागरच्या मागे एका जुन्या बिल्डिंगीत भाड्याने राहतो. इथं आपलं म्हणावं असं माणूस एकच, समोरच्या दारातल्या गुजराती बेन. मला कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा मशीनवर होता, फोन उचलेना. बेननी स्वतःचा गॅस बंद केला, माझा बंद केला, रिक्षा थांबवली आणि मला आत कोंबलं. वाटभर ओरडत होत्या, "भैया, खड्डा देख के चला, अंदर दो जन हैं!" माझी पोर माझ्याआधी त्यांच्या हातात गेली. हे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

बारशाला बेननी एक टोपली दिली. चकचकीत कागद, गुलाबी रिबीन, आत साबण, शांपू, तेल, पावडर, लोशन. प्रत्येक बाटलीवर एक गुटगुटीत पोर असं हसत होतं की त्याला आयुष्यात कधी पोटात दुखलंच नसावं. आमची त्याच्याकडे बघून रडायची. मला इंग्रजीची अक्षरं ओळखता येतात, पण शब्द मला ओळख देत नाहीत. म्हणून बेननीच वाचून दाखवलं. "देख, शांपू में बादाम. साबुन में दूध, केसर. लोशन में शहद." माझ्या मनात आलं, एवढ्यात आमच्या अख्ख्या वाडीला खीर झाली असती. आमच्या घरात केशर पहिल्यांदा आलं ते साबणातून आलं, आणि आल्या पावली मोरीतून गेलं.

थोड्याच दिवसांत पोरीच्या गुडघ्यांमागे, कोपरांच्या घडीत आणि मानेच्या वळ्यांत लाल चट्टे उठले. एवढ्याशा जिवाला खाजवता कुठं येतंय? ती गाल चादरीवर घासायची आणि किंचाळायची. मी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवलं.

"पाणी!" त्या म्हणाल्या. "तिथलं पाणी बाधलं तिला. टाकीतलं पाणी पोरास्नी घालतात काय गो? डाळीचं पीठ लाव, साय नि हळद लाव. नायतर असं कर, गावाला आण. तुझ्या घोवाला मी पिठावर मोठा केला, त्याला कधी एक पुळी आली नाय."

मी पीठ लावलं, साय-हळद लावली. बेनना वाईट वाटू नये म्हणून शांपूही चालू ठेवला. चट्टे पोटापर्यंत आले.

मग सासूबाईंनीच ठरवून टाकलं. "पुढल्या महिन्यात येतंय मी. बघतंय, नि घेऊनच येतंय. तू पण चल. दूध सुटलं की तू परत जा, पोर ऱ्हाऊ दे माझ्याकडे, शाळेपर्यंत."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आई म्हणतेय तर…" आणि टीव्हीकडे वळला. त्याचं वाक्य अर्धं राहिलं की मला धडकी भरते, कारण उरलेलं नेहमी त्याची आईच पुरं करते. पोरीला गावाला सोडून मी इथं भांडी घासतेय, असं मला जागेपणी दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन बालडॉक्टरीण बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, काय काय लावता? मी सगळं सांगितलं, टोपली आधी, फोनवरचं नंतर. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही मुलीला अंघोळ घालताय की लोणचं?"

मग त्यांनी नीट समजावलं. पीठ बंद, हळद बंद, पावडर बंद. कोमट पाणी आणि झटपट अंघोळ. साबण बिनवासाचा, तोही थोडा, जिथं मळतं तिथंच. अंग चोळायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच मलम लावायचं.

"पण मॅडम, शांपूवर लिहिलंय म्हणे, डोळ्यांतून पाणी येत नाही."

"डोळ्यांतून येत नसेल. कातडीचं काय होतं ते कुठं लिहिलंय?"

मला इंग्रजी वाचता येत नाही, हेही मी सांगून टाकलं. हे सांगितलं की लोक आवाज चढवतात, जणू आपण बहिरे आहोत. त्यांनी नाही चढवला. ड्रॉवरमधून बिनवासाच्या पातळ साबणाच्या बाटलीचं एक रिकामं खोकं काढून दिलं. "दुकानात हेच दाखवा. दुसरं दिलं तर घेऊ नका." ते खोकं मी अजून ठेवलंय.

मेडिकलवाल्याने खोकं उलटसुलट केलं. "ये कोई नहीं लेता. लेडीज लोग ढक्कन खोल के सूंघते हैं, कुछ आता नहीं, तो बोलते हैं डुप्लिकेट है." स्टुलावर चढून त्याने अगदी मागची, धूळ बसलेली बाटली काढली. फळीवरच्या सगळ्या हसऱ्या पोरांच्या मागे ती गुन्हेगारासारखी उभी होती.

चट्टे हळूहळू फिके पडले. पोर झोपायला लागली, मी जेवायला लागले. पण आता दुसरंच निघालं. बेन रोज संध्याकाळी यायच्या, पोरीला उचलायच्या आणि टाळूला नाक लावायच्या. बंद पडलेला फोन कानाला लावून बघावा, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

"आज नहलाया नहीं?"

"नहलाया, बेन."

"तो स्मेल क्यूं नहीं आता? शांपू खतम हुआ? बोल ना, दूसरा लाती हूं."

चार दिवसांत सगळ्या मजल्याला कळलं की गावाकडची सून पोरीला धूतच नाही. पॅसेजमध्ये एक बाई दुसरीला सांगत होती, "पाणी वाचवतेय बिचारी." आमच्या बिल्डिंगीत पाणी येतं तेव्हा बायका धावत सुटतात, वाचवणारीचा सत्कार करायला हवा. पण पोर स्वच्छ असून भागत नाही, स्वच्छतेचा वास यावा लागतो.

बेनना खरं सांगायचं तर काय सांगू? ज्या बाईनं तुम्हाला खड्डे चुकवत इस्पितळात नेलं, तिला कसं म्हणायचं की तुमच्या बदामानं माझ्या पोरीची कातडी सोलली?

मी एक शक्कल लढवली. तो शांपू माझ्याच डोक्याला लावला. अंबाडा घट्ट बांधला, पोरीला त्रास नको म्हणून खांद्यावर धुतलेलं सुती फडकं टाकलं, आणि बेन आल्या की पोरीला खांद्यावरच धरून ठेवायला लागले. बेननी माझ्याजवळ येऊन नाक खुपसलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हां! अब आया ना बेबी का स्मेल!"

पोरीची अब्रू वाचली. वर माझे केस रेशमासारखे झाले. नवऱ्याने विचारलं, "पार्लरला गेलेलीस?"

ठरल्याप्रमाणे सासूबाई आल्या. एका पिशवीत डाळीचं पीठ, कोकम, फणसाची साटं. दुसरी पिशवी रिकामी, घडी घातलेली. ती पोरीच्या कपड्यांसाठी होती.

सासूबाईंचं नाक आमच्या पंचक्रोशीत माहीत आहे. त्या मासे नाकाने घेतात. त्यांना येताना बघून कोळणी शिळी टोपली झाकतात. बेनही नेमक्या तेव्हाच भेटायला आलेल्या. सासूबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं. टाळू हुंगली, मान हुंगली, काख हुंगली.

"हिला कसलाच वास नाय."

"अरे, आता है ना माजी! इतना अच्छा आता है!" बेन माझ्या बाजूने लढायला उतरल्या.

सासूबाईंचं नाक हवेत वळलं. माझ्या खांद्याशी आलं, मानेशी आलं आणि अंबाड्यावर थांबलं.

"वास हिच्या डोस्क्याला येतोय!" मग बेनना कळावं म्हणून त्यांच्या हिंदीत, "बच्ची का शांपू ये लगाती! बच्ची कोरडी!"

बेननी माझ्याकडे असं बघितलं की ती रिक्षा त्यांना परत फिरवावीशी वाटली असावी. मी एकतर पोरीचं लुबाडणारी आई होते, नाहीतर उपकार विसरणारी शेजारीण. नवरा टीव्हीचा रिमोट शोधत होता.

मी पोरीचं झबलं काढलं. "आई, गुडघ्यामागे बघा. मान बघा. तुम्ही फोनवर बघितलेलं आठवतं ना?" आणि रडत रडत सगळं सांगितलं. शांपू, पीठ, लोणचं, खोकं, अंबाडा, सगळं. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, कारण दोघींनाही कळायला हवं होतं.

सासूबाई पोरीच्या कातडीवरून बोट फिरवत राहिल्या, ताजं पापलेट दाबून बघावं तसं. "पाणी इथलंच?"

"इथलंच."

"पीठ नाय?"

"नाय."

बेन मात्र अजून मागेच अडकल्या होत्या. "मतलब… इतने दिन से मैं तेरे को सूंघ रही थी?"

आधी नवरा हसला. मग बेन इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

"पहले बोलने का ना, पागल!"

"आप रिक्षा में ले गयी थीं, बेन. कैसे बोलती?"

"तो? रिक्षा का बदला छोकरी की चमडी से देगी?"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला झबलं घातलं आणि पुन्हा एकदा टाळू हुंगली. "दुधाचा येतोय थोडा," म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे हिला इथंच. मे महिन्यात आण आंबे खायला. पण घेऊन ये, नि घेऊन जा." त्यांनी हार मानली ती एवढीच. पिठाचं त्या रात्री पिठलं झालं, बेनच्या घरीही वाटीभर गेलं.

जाताना त्यांची दुसरी पिशवी रिकामी गेली नाही. बेनना विचारून त्यांनी टोपलीतल्या उरलेल्या बाटल्या तिच्यात भरल्या. "टाकून कशाला द्यायच्या? आत बदाम हाय म्हणतात."

परवा दिराचा फोन आला होता. म्हणाला, वहिनी, आईला काय झालंय कळत नाही. मासळीबाजारात गेली की कोळणी मान पुढे करून तिच्या अंबाड्याचा वास घेतात.