काकूंच्या पाटल्या

शेजारच्या काकू गॅलरीत पाण्याची भरलेली बाटली धरून हात वर-खाली करतात. डॉक्टरांनी सांगितलंय. हात वर गेला की सोन्याच्या पाटल्या घसरत थेट कोपरापर्यंत येतात. एके काळी त्या साबण लावूनही निघत नसत.

"या वयात मला काय लागतंय? अर्धी भाकरी पुरे," म्हणत त्यांनी घट्ट वरण, दही सगळं दुसऱ्यांच्याच पानात वाढलं. म्हाताऱ्या बाईचं कमी खाणं आपल्याकडे गुणच मानतात. आम्हीही कौतुक करत राहिलो. दंड मात्र झिजत गेले.

बाटली ठेवून हात खाली सोडताना काकू मूठ घट्ट आवळतात. मी म्हटलं, "छान, मुठीचाही व्यायाम होतोय."

"व्यायाम कसला गं," त्या म्हणाल्या, "मूठ उघडली तर पाटल्या गळून पडतील."