मारूसामावशीचे बिनपाण्याचे टोमॅटो

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अथेन्सला लेकीकडे गेलेली मारूसामावशी जूनअखेरीला सांतोरिनीला परतली. बोटीवरून तिला आणायला मीच गेले होते. माझ्या आईची ही धाकटी बहीण. घरामागच्या एवढ्याशा तुकड्यात ती जन्मभर बोराएवढे टोमॅटो लावत आली. त्यांना पाणी म्हणून घालायचं नाही. आमच्या राखाडी भुसभुशीत मातीत दव मुरतं, तेवढ्यावर ती झाडं जगतात. फळ बारीक, जाड सालीचं, पण चव जिभेवरून हलत नाही.

सामान दारात टाकून ती मागे गेली आणि ओरडली, "हे कुणी केलं?"

झाडं हिरवीगार फोफावली होती. फळं लिंबाएवढी, निम्मी उकलून सडलेली. मुळांशी एक काळी नळी थेंब थेंब गळत होती आणि कुंपणाखालून थेट स्टाथिसच्या अंगणात जात होती. हा स्टाथिस सालोनिका शहरातून इथे आलेला. शेजारचं घर घेऊन पर्यटकांना खोल्या देतो.

तो हसतच धावत आला. "काकू, बघितलंत? बिचारी पार सुकायला आली होती. मी रोज पाणी सोडलं. आमच्या पाहुण्यांनासुद्धा नाश्त्याला देतो, शेजारच्या आजींच्या बागेतले चेरी टोमॅटो म्हणून!"

मावशीनं एक फळ तोंडात टाकलं आणि थुंकलं.

"पाणी! नुसतं पाणी! आणि हे माझ्या बागेतलं म्हणून लोकांना चारलंस?"

"काकू, तहानलेली होती हो ती."

"तुझ्या कानात येऊन सांगितलं त्यांनी? मी मेले नव्हते, अथेन्सला होते. फोन करायला हात मोडले होते?"

मी मध्ये पडले. "मावशी, चांगल्या मनानं केलं गं त्यानं."

"उद्या चांगल्या मनानं तुझ्या घरात शिरून भिंती रंगवेल, तेव्हा बोल माझ्याशी!"

डॉक्टरांनी वाकू नको म्हणून बजावलं होतं. तिनं वाकूनच ती नळी हिसडून उपटली, फरफटत नेली आणि पोहणाऱ्या पाहुण्यांच्या देखत स्टाथिसच्या अंगणातल्या तलावात फेकली.

घरात आल्यावर मात्र ती खुर्चीत बसून रडली. तिच्या आईपासून चालत आलेलं बी. दरवर्षी आपल्याच फळांतून धरलेलं. असल्या फुगलेल्या फळांचं बी धरायला तिचं मन घेईना.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बागेत गेली. भिंतीलगत, नळी पोचली नव्हती तिथे, चार-पाच झाडं मातीला चिकटून होती, सुरकुतलेली. त्यांची फळं तिनं ओच्यात घेतली, एक मला दिलं. मी ते तोंडात टाकलं आणि डोळेच मिटले.

"हं," ती म्हणाली. "आता कळलं?"

त्यांचंच बी तिनं फडक्यावर वाळवलं. पुढच्या वर्षी ते जोमानं उगवलं. ऑगस्टमधल्या चर्चच्या सणाला तिनं पुदिना घालून टोमॅटोची भजी तळली आणि गल्लीत घरोघर वाटली. स्टाथिस दारात उभा होता. मावशी त्याच्यासमोरून, ताट सांभाळत, सरळ पुढच्या घरी गेली.