भीतीची विचारपूस

आमच्या भावजींइतका मनापासून घाबरणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल, असं मी कुणालाही लिहून द्यायला तयार आहे. भावजी म्हणजे माझ्या यजमानांचे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातले सोबती. नोकरी सगळी स्फोटक मालात गेली, पण निवृत्तीनंतर त्यांची झोप उडवली ती घरच्या गॅसच्या शेगडीने. दिवाळीत आमच्या अंगणात पहिली फुलबाजी पेटायच्या आधी वाळूची बादली घेऊन भावजी हजर. लग्नाला गेले, की आधी कार्यालयाचं मागचं दार उघडं आहे का ते बघून येणार. एकदा त्या दाराला कुलूप दिसलं, तर ऐन मंगलाष्टकांत मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, "अहो, पंगत बसली की उघडतो." भावजी म्हणाले, "आग पंगतीसाठी थांबते का?" कुलूप निघालं, तेव्हा कुठे भावजींनी अक्षता टाकल्या. वहिनी होत्या तोवर म्हणायच्या, "ह्यांच्याशी लग्न केलं, मला विमा उतरवायची गरज नाही!"

आता अशा माणसाकडे मी माझ्या भित्र्या नातीला का नेलं म्हणाल, तर दुसरं कुणी उरलंच नव्हतं. सई तेव्हा आठ वर्षांची. आदल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे अंदमानला निघालो, तर विमानाच्या दारापाशी हिने माझा पदर धरून असा टाहो फोडला, की सगळं घर सामानासकट परत आलं. समुद्र हुकला म्हणून धाकट्या भावाने तिला वर्षभर टोमणे मारले. त्या वर्षी पुन्हा अंदमान ठरलं, तेव्हा माझ्या मुलाने सांगून टाकलं, "आई, या वेळी रडली तर तिला तुझ्याजवळ ठेवून आम्ही पुढे जाऊ." पोरीने ते दाराआडून ऐकलं आणि तिचं जेवणावरचं लक्षच उडालं. जायचं तर होतं तिला, मनापासून जायचं होतं. आम्ही सगळे आपले एकच म्हणायचो, "काही होत नाही गं, वेडाबाई."

भावजींनी तिला समोर बसवलं आणि म्हणाले, "घाबरतेस? शहाणी आहेस. न घाबरणारा माणूस शेजारी कामाला आला, की मी जागा बदलून मागायचो. बरं, नक्की कशाची भीती? पडायची?"

"नाही."

"आवाजाची?"

"नाही." मग अगदी हळू, "दार लावतात ना, त्याची."

बघा! वर्षभर समजूत काढत होतो आम्ही, पण हे काही कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तालीम सुरू. भावजींची एक जुनी गाडी होती. अपघाताच्या भीतीने ती सोसायटीच्या फाटकाबाहेर सहसा पडत नसे. सकाळच्या गारव्यात, झाडाखाली (उन्हात बंद गाडीत बसणं किती धोक्याचं, यावर भाषण आधी झालंच) दोघं दारं-काचा लावून बसायचे. दार उघडायचं ते सईने सांगितलं की लगेच. पहिल्या दिवशी खटका वाजायच्या आतच ती बाहेर. मग हळूहळू आत शेंगदाणे आले, पत्ते आले. जाणारा-येणारा वाकून विचारायचा, "काय हो, निघालात कुठे?"

"अंदमानला," भावजी गंभीरपणे सांगायचे.

"बरं. पोचलात की कळवा."

शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी तिला खरं ते सांगितलं. "विमानाचं दार तू म्हणालीस म्हणून उघडणार नाहीत हं. भीती वाटणारच. तिला आपण काम देऊ. घरातल्या सगळ्यांचे पट्टे तू तपासायचे."

विमानाचं दार लागलं तेव्हा सईचा चेहरा पांढराफटक पडला. माझा हात तिने एवढा आवळला, की बांगडी रुतली. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. आणि एकदम पोरगी म्हणते कशी, "आजी, तुझा पट्टा सैल आहे." माझा झाला, मग बापाचा, भावाचा, आणि मग पलीकडच्या एका अनोळखी गृहस्थांचा. "काका, फोन ठेवा आधी. पट्टा लावा!" त्यांनी मुकाट्याने लावला. विमान वर गेलं तेव्हा ती रडतच होती, पण रडता रडता सगळ्यांवर नजर ठेवून होती.

परत आल्यावर भावजींनी समुद्राचं काही विचारलं नाही. "घाबरलीस ना?"

"खूप!"

"शाब्बास," म्हणाले, आणि इतके खूश झाले, जणू स्वतःच जाऊन आले.

आता सई कॉलेजात आहे. भावजी धायरीला मुलाकडे राहायला गेलेत, कानांनी कमी ऐकू येतं. मागच्या महिन्यात ती दिल्लीहून एकटीच विमानाने आली, तेव्हा मी तिला त्यांच्याकडे घेऊन गेले. भावजी खुर्ची पुढे ओढून बसले. "मग? भीती वाटली?"

"नाही आजोबा. झोपच लागली. पुण्यात उतरल्यावर जाग आली."

"थोडीसुद्धा नाही?"

"अजिबात नाही."

"छान झालं," भावजी म्हणाले, आणि पुढे ओढलेली खुर्ची हळूच मागे सरकवली. मला आपलं वाटून गेलं, पोरीने थोडीशी भीती शिल्लक ठेवली असती तर बरं झालं असतं.