घासूनपुसून नेलेला गळा

अकोल्याच्या मे महिन्यात शाल पांघरून बसलेली सून कोणी पाहिली आहे का? ती मी. एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. लग्नाला वर्ष झालं होतं. गळ्यापुढे लिंबाएवढी सूज आली होती, तोंड फुगलं होतं आणि भाकरी थापता थापता डोळे मिटायचे.

"काहून वं, चुलीपाशीबी थंडी वाजते काय तुले?" सासूबाई विचारायच्या. कामचुकार सून पदरात पडली, असं त्यांना वाटे.

माझा जीव अडकला होता वेगळ्याच गोष्टीत. अमरावतीच्या अध्यापिका विद्यालयात मला जूनपासून जागा मिळाली होती. सासरे म्हणाले होते, "तब्येत सुधरली तर जाय. वर्गात झोपाले कायले जातं?"

वडिलांनी मला माहेरी, अमरावतीला नेलं आणि डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. सूज उतरावी म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून मी रोज गळ्याला टिंचर आयोडीन चोपडत होते. आता असा तपकिरी गळा घेऊन डॉक्टरांपुढे कसं बसायचं? शिकेकाई आणि राख घेऊन मी तो पाण्याच्या पितळी गुंडासारखा घासला. पाहुणे बघायला येणार असल्यासारखी पावडरसुद्धा लावली.

डॉक्टरांनी गळा दाबून पाहिला. "गळ्यातली थायरॉइडची गाठ सुस्त झालेली दिसते. रक्त मुंबईला पाठवू. तिथं रक्तातलं आयोडीन मोजतात, त्यावरून गाठ किती काम करते ते कळतं. कमी निघालं की गोळ्या सुरू करू. काही औषध चालू आहे काय?"

मी मान हलवली, नाही म्हणून. औषध म्हणजे पोटात घ्यायचं ते. वरून लावलेलं कोण धरतं? अशी ही अकलेची खाण मास्तरीण व्हायला निघाली होती.

मुंबईहून उत्तर आलं: आयोडीन भरपूर, नेहमीपेक्षाही जास्त. डॉक्टर म्हणाले, "अंग म्हणते गाठ सुस्त, रक्त म्हणते जोरात. अशात गोळी देणं बरं नाही. दिवाळीनंतर पाहू."

सासूबाईंना आयतंच सापडलं. "पाय, रक्तबी म्हणते काही नाही म्हणून." जूनमध्ये माझी जागा दुसऱ्या मुलीला गेली.

दिवाळीनंतर अकोल्याहून आले ती थेट स्टेशनवरून दवाखान्यात गेले. गळा घासायला सवड मिळाली नाही. डॉक्टरांनी पदर बाजूला करायला लावला आणि ते थबकले.

"हे काय लावलं?"

"टिंचर."

"मागच्या वेळीबी लावत होतीस?"

"हो. पण धुऊन आले होते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. "पोरी, ते कातडीतून रक्तात जातं. मोजणाऱ्याला काय कळणार, आयोडीन गाठीनं बनवलेल्या रसातलं की बाटलीतलं?"

टिंचर बंद झालं. पुन्हा कागदाची वाट न पाहता त्यांनी अंगाच्या खुणांवरून थोड्या थोड्या गोळ्या सुरू केल्या.

उन्हाळा येईपर्यंत शाल सुटली, तोंडाची सूज उतरली. सासरे म्हणाले, "आता भर अर्ज." पण तोवर मला दिवस गेले होते आणि पुढे अर्जाचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही. पहाटे आपोआप जाग यायची, अगदी लख्ख. बाहेर सडा पडायचा बाकी असे. मी तशीच पडून राहायची, कारण इतक्या लवकर उठून जायचं कुठे होतं?