बिनटपाची लाल गाडी

निवृत्त पोलीस भेटला की लोक खुनाच्या गोष्टी विचारतात. खून मी बरेच पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक एकमेकांसारखेच असतात. दारू, जमीन, नाहीतर संशय. इतक्या वर्षांनंतरही ज्या केसची आठवण निघाली की मी एकटाच हसतो, ती मात्र एका साध्या चोरीची आहे. नावं कोणाचीच घेत नाही. त्यांची मुलंबाळं अजून तिथेच नांदतात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी राजुऱ्याला फौजदार होतो. मूळचा मी साताऱ्याकडचा. आधी आलापल्लीच्या जंगलात होतो आणि तिथून बदली झाली ती थेट कोळशाच्या धुळीत. सकाळी घडी मोडलेला पांढरा रुमाल दुपारपर्यंत काळा व्हायचा. रस्त्यावर ट्रक, जीप, क्वचित एखादी अँबॅसिडर. आणि या सगळ्यांत एक लाल, चिमुकली विलायती मोटार होती. दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नाही, चाकांना सायकलसारख्या तारा. गावात तिला ‘बिनटपाची’ म्हणत. ती निघाली की चहाच्या टपरीवरची माणसं बघायला उठून उभी राहत, आणि बऱ्याचदा थोड्या वेळाने तीच माणसं तिला ढकलत परत आणत.

ही गाडी एके काळी जवळच्या कोळसा खाणीच्या गोऱ्या मॅनेजरची होती. साहेब मायदेशी गेला, गाडी बंगल्यातच राहिली आणि पुढे लिलावात एका लाकूड ठेकेदाराने उचलली. त्याच्या लाकडाच्या टालीत ती कित्येक वर्षं पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. शेवटी ती विकत घेतली गावच्या शाळेतल्या एका मास्तरांनी, तेव्हा सगळ्या गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी मास्तर धापा टाकत ठाण्यात आले.

“साहेब, माही गाडी गेली.”

“कुठं बंद पडली?” ठाणे अंमलदाराने सवयीने विचारलं.

“बंद नाई पडली भाऊ. चोरीले गेली.”

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि फिर्याद लिहायला घेतली. गाडीच्या ओळखीच्या खुणा विचारल्या, तर मास्तरांनी तिच्या दुखण्यांची यादीच वाचली.

“डावा दरवाजा ओल धरली का फुगते साहेब. मंग खालून गुडघ्यानं रेटा आन हातानं वर उचला, तवा उघडते. तिसरा गेर आपोआप सुटते. पाणी आलं का लाईट जाते. इंजिनाच्या मागून तेल टपकते, खाली डबा ठेवा लागते.”

“मास्तर, मग तिच्यात चांगलं काय आहे?”

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “माह्या बाबानं धुतली आहे साहेब ते गाडी.”

त्यांचे वडील मॅनेजरच्या बंगल्यावर मोटार धुण्याच्या कामाला होते. रोज सकाळी गाडी पुसायची, साहेब-मेमसाहेब निघाले की दरवाजा उघडायचा, सलाम करायचा, दरवाजा लावायचा. सारी उमर त्यात गेली, पण एक दिवसही त्या गाडीत बसले नाहीत. आता मुलाने गाडी घरी आणली तरी म्हातारा बसायला तयार नव्हता.

“म्हणतात, दसऱ्याले बसीन,” मास्तर सांगत होते. “छप्पनमधी बाबासाहेबाकडून दीक्षा घ्याले बाबा इथून चांद्याले पायी गेले होते. आता तिथल्या दीक्षाभूमीवर या गाडीनं जाईन म्हणतात. पांढरे कपडे शिवून ठेवले. पण दमा आहे साहेब. पुढचा दसरा पाहतीन का नाई, काई भरोसा नाई. गाडीचं जाऊ द्या, बाबाले एकदा बसवाचं होतं.”

दसरा तोंडावर आला होता. मी कलम ३७९ खाली गुन्हा नोंदवला, आजूबाजूच्या ठाण्यांना वायरलेस धाडला आणि मास्तरांच्या गल्लीत चौकशीला गेलो. तिथे जे कळलं ते ऐकून कपाळाला हात लावायची पाळी आली. गाडी भरदिवसा, सगळ्यांसमोर, दोन माणसांनी ढकलत नेली होती. वजनाला हलकी, दोघांना पुरे. कोणालाही संशय आला नाही, कारण ती गाडी ढकलतच न्यायची असते अशी गावाची समजूत होती. मेकॅनिककडे चालली असेल म्हणून शेजाऱ्याने चढावर स्वतः हात लावला होता. परत येताना माझा हवालदार चार पावलं मागेच रेंगाळत होता.

“काय झालं?”

“साहेब, नाक्यावर थोडा धक्का मीबी देला होता.”

“मग तोंडं आठवत असतील.”

“मी मागून ढकलून राह्यलो होतो ना साहेब. तोंडं समोर होती.”

पुढचे काही दिवस आम्ही गॅरेज पालथी घातली, नाक्यांवर ट्रक थांबवून ताडपत्र्या उचलल्या. काही लागलं नाही. मास्तर रोज शाळा सुटली की ठाण्यात येत, दारात उभे राहून नुसते बघत आणि निघून जात. त्यांच्या चोरीपेक्षा मोठे दरोडे माझ्या टेबलावर होते. पण संध्याकाळ झाली की मला त्याच पावलांची वाट असायची, आणि त्यांना सांगायला काही नाही याची लाज वाटायची.

खबर आली ती आमच्याच स्वयंपाकघराच्या दारातून. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बाई डोंगरातल्या गावांतून फिरत असे. माझी बायको कपाटातून जुनी लुगडी काढून तिच्याशी घासाघीस करत होती, आणि ती बाई बोलता बोलता म्हणाली, “बाई, जिवतीकडं एका शेडात म्या मोटार पाह्यली. अंगावर टप नाई. चाकाले सायकलीवानी तारा.”

मी हातातला कप खाली ठेवला. “लाल होती का?”

“नाई साहेब. हिरवीकंच. ताजा रंग. हात लावला तं बोटाले लागला.”

जिवतीचा रस्ता तेव्हा नावालाच रस्ता होता. जीपने डोंगर चढून गेलो तर शेड निघाली त्याच लाकूड ठेकेदाराची, ज्याने मास्तरांना गाडी विकली होती. गाडी हिरवी, नंबरपाटी दुसरी, चेसीवरची नंबराची पट्टी उपटलेली, इंजिनावरचा नंबर कानशीने घासलेला. पंच बोलावले, पंचनामा केला, गाडी ट्रकवर चढवून ठाण्यात आणली. मास्तरांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, “हेच.” म्हणून डाव्या दरवाजाला हात लावला, गुडघ्याने रेटलं, आणि दरवाजा उघडला.

पण मालकाच्या एका शब्दावर कोर्ट चालत नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला ठाण्यात बोलावलं. स्वच्छ धोतर, पानाचा डबा, चेहऱ्यावर हसू. मला त्याचा राग आला होता, पण आवाज चढवला की समोरचा माणूस तोंड मिटतो हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकलो होतो. मी चहा मागवला.

“हे गाडी हैद्राबादची आहे साहेब. तिकडून घेतली. कागद येऊन राह्यले.”

“नंबर कोणी घासला?”

“घेतली तवाच तसा होता.”

एका कोपऱ्यात रंग खरवडला, तर खालून लाल निघाला. ठेकेदार जास्तच हसला. “अशा गाड्या लालच राहतात साहेब. काऊन, जगात मास्तरची एकच लाल गाडी आहे का?”

मी विचारलं, “घेतल्यावर तुम्ही काय काय काम केलं हिच्यावर?”

“फक्त रंग. एक खिळा ठोकला नाई. विलायती माल आहे, जसा आला तसा.”

हे मी पंचांसमोर त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. माणूस फार खात्रीने बोलला की ते वाक्य जपून ठेवायचं, एवढीच सवय.

दुपारी जेवायला घरी गेलो. घामाचा शर्ट बदलायला कपाट उघडलं आणि तिथेच उभा राहिलो. ते सागवानी कपाट आलापल्लीला असताना तिथल्या सुताराकडून करून घेतलेलं. सगळं गुळगुळीत, पण दाराच्या आतल्या बाजूला हातभर जागा त्याने खडबडीत ठेवली होती. तिथे रंधा मारलेला नव्हता आणि मध्ये जंगल खात्याच्या हातोड्याचा शिक्का खोल उठलेला होता. बायको त्याच्यावरून किती दिवस कुरकुरत होती. तेव्हा सुतार म्हणाला होता, “बाई, तेवढं राहू द्या. गार्ड आला आन विचारलं का लाकूड कुठलं, तं दाखवाले पाह्यजे ना.” तिकडे हीच रीत. जंगल खात्याच्या डेपोतून रीतसर घेतलेल्या सागाचा शिक्क्याचा तुकडा सुतार कुठेतरी आत, लपत्या बाजूला बसवतो आणि त्याला हत्यार लावत नाही. पलंग असो की पाट, सगळ्यांना तोच नियम.

आणि फिर्याद देताना मास्तर सांगून गेले होते की त्यांची गाडी आलापल्लीच्याच सुताराने दुरुस्त केली आहे.

इथे थोडं गाडीबद्दल सांगायला हवं. अशा जुन्या विलायती गाडीचा सांगाडा वरून पत्रा आणि आतून लाकूड असतो. मास्तरांनी गाडी घेतली तेव्हा वरून ठीक दिसत होती. घरी नेऊन धुतली तर पुटीनचे पोपडे निघाले, पायाखालच्या गंजक्या पत्र्यातून रस्ता दिसायला लागला, आणि दरवाजा उघडला तो हातातच आला. आतलं सगळं लाकूड वाळवीने पोखरलेलं, ते त्या सुताराने काढून नवा साग घातला. आजही कोणी हौशी माणूस अशी गाडी घ्यायची म्हणून मला विचारतो, तेव्हा मी सांगतो की रंगाकडे बघू नका. दरवाजा अर्धा उघडून हातावर तोला, लटपटला तर आत लाकूड गेलेलं आहे. चटई उचलून खालचा पत्रा दाबून पाहा. आणि चढावावर चालवल्याशिवाय घेऊ नका. पोलिसाला हे ज्ञान कुठून, म्हणून लोक चकित होतात.

जेवण तसंच टाकून मी ठाण्यात परतलो. गाडीजवळ पंच उभे केले, ठेकेदाराला उभं केलं, आणि गॅरेजमधून बोलावलेल्या मिस्त्रीला सांगितलं की डाव्या दरवाजाचं आतलं अस्तर काढ. खिळे निघाले, रेक्झिन निघालं, पिवळा सागवान दिसला. सगळीकडे गुळगुळीत. मग बिजागरीमागचा जाड ठोकळा दिसला. बिनरंध्याचा, खडबडीत, आणि त्यावर आलापल्ली डेपोच्या हातोड्याचा शिक्का.

मी एवढंच विचारलं, “शेठ, हैद्राबादच्या गाडीत आलापल्लीचा शिक्का कसा?”

त्याची सगळी हयात लाकडात गेली होती. असले शिक्के त्याने हजारो वेळा पाहिले होते. गाडीचा पत्रा, पाटी, नंबर, सगळं त्याने बदललं, पण आत लाकूड आहे आणि ते मास्तरांनी नवं घातलं आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो बाकावर बसला आणि पानाचा डबा चाचपत राहिला. मग सगळं सांगितलं. ढकलणारे दोघे त्याच्याच टालीवरचे होते.

“पण का? तुमच्याकडे दोन जिपा आहेत. ही तुम्हीच विकली होती.”

त्याने मान वर केली नाही. “भंगार म्हणून देली होती साहेब. चालवाले नाई.”

मी जबाबाचा कागद पुढे ओढला.

“तो टालीसमोरून जाये ना साहेब. लोकं उभे राहून पाहत. मोटार धुणाऱ्याचा पोरगा, आन त्या गाडीत.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी खूप कबुल्या ऐकल्या. भूक ऐकली, सूड ऐकला. पण इतकी हलकी कबुली क्वचितच ऐकली, आणि ती त्याने अगदी सहज, जणू मला पटेल अशा आवाजात दिली, याची चीड अजून जात नाही.

मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही. मी स्वतः जाऊन सुपूर्दनाम्याचा अर्ज लवकर निघेल असं पाहिलं, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी मास्तरांच्या ताब्यात दिली. हिरवीच. रंग बदलायला वेळ नव्हता.

दसऱ्याला सकाळी बंदोबस्ताला जाताना हवालदाराला घेऊन मी त्यांच्या गल्लीत जीप थांबवली. सगळी गल्ली जमली होती. पांढरे कपडे घातलेला म्हातारा डाव्या दरवाजाशी उभा होता. पण बसायला आलेला माणूस उभा राहतो तसा नाही. एका बाजूला सरकून, मूठ धरून, दुसऱ्या कोणासाठी दरवाजा उघडायला उभा राहावा तसा. चपला काढून काखेत घेतल्या होत्या. आदल्या दिवशीच्या पावसाने दरवाजा फुगला होता. मी पुढे झालो, गुडघ्याने रेटलं, वर उचललं, दरवाजा उघडला. त्यांचा हात आपोआप सलामाला वर गेला.

“बाबा, चपला घाला,” मी म्हणालो. “आणि बसा.”

ते बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत. मास्तरांनी गाडी चालू केली. गल्लीत टाळ्या वाजल्या, गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि बंद पडली.

टाळ्या थांबल्या. मी आणि हवालदार चालत पोहोचलो तोवर म्हातारा उठायला लागला होता.

“सरका साहेब, मी उतरतो. ढकला लागन. इतके दिवस म्याच ढकलली आहे.”

मी दरवाजा बाहेरून दाबून धरला. त्यांनी एकदा लोटून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच परत टेकून बसले. मी हवालदाराला मान हलवून मागे बोलावलं. तो पट्टा सावरत आला आणि कानाशी म्हणाला, “साहेब, यावेळी गाडीतली तोंडं पाहून घेतली मी.”

मग आम्ही दोघांनी, वर्दीत, दसऱ्याच्या भर सकाळी ती गाडी नाक्यापर्यंत ढकलत नेली.