टेकडीसाठी वर गेलेले हात

माझ्यावर गावात कोणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगते. "तुले सगळ्यातच खोट दिसते," म्हणायचे आमच्या घरचे. ते ग्रामपंचायतीत शिपाई, त्यांना कशी दिसणार? पण आमच्या ग्रामसभेचे किस्से एवढे साठलेत, की एकटीच्या पोटात मावत नाहीत.

भानगड अशी. गावाला लागून ई-क्लासची टेकडी आहे, म्हणजे सरकारी चराई. आम्हा बायांच्या शेळ्या तिच्यावरच जगतात. सरपंचाला तिथं मुरमाची खदान पाहिजे होती. त्याला ग्रामसभेचा होकार लागतो.

*

पहिली सभा ठेवली ऐन कापूस वेचणीत, भर दुपारी. असं कावून, का बरं, विचारलं, तर सरपंच म्हणे, "काकू, दवंडी तर देली होती."

देली होती. बाया वावरात गेल्यावर. ऐकायला गावात म्हातारे आन् कुत्रे! कोरम भरला नाही म्हणून वाचलो.

*

दुसऱ्या सभेला खदानीचा माणूस आला, बूट चकाचक. विकास, विकास करून राहिला. माझी शेजारीण सुमन म्हणाली, "भाऊ, शेळ्या विकास खात नाहीत."

तो हसला. मला ते हसणंच पटलं नाही.

*

मग सरपंच घरी आला. म्हणे, खदानीच्या खड्ड्यात तळं होईल, शेळ्यांना पाणीच पाणी.

"अन् चारा?" मी म्हटलं. "शेळ्या काय तुमच्या अंगणात चारू?"

चहा अर्धा टाकून गेला.

*

तिसऱ्या सभेला मी घरोघरी जाऊन बाया गोळा केल्या. खदानीला आम्ही तोंडावर नाही म्हटलं. सरपंचानं लगेच मान डोलावली. इतक्या लवकर, की मला संशय आला.

तेवढ्यात आमच्या घरचे केटली घेऊन उभे राहिले. "चहा कोणाकोणाले पाहिजे, हात वर करा."

सगळ्यांनी केले. मी तर दोन्ही, एक सुमनचा. तिच्या मांडीवर नातू झोपला होता. सरपंचानं मोबाइल वर धरला.

*

आठवड्यानं टेकडीवर पोकलेन चढलं. आम्ही बाया थेट तिवस्याला तहसीलमध्ये. साहेबानं फोटो दाखवला. सगळे हात वर, पुढं माझे दोन. सर्वानुमते मंजूर!

म्हटलं, साहेब, हे चहाचे हात आहेत.

"चहाचं विचारलं कोणी? नाव सांगा, जबाब घेतो."

बाया माझ्याकडं पाहू लागल्या. सुमननं पदर ओढला. "राहू दे वो वैनी. नोकरी जाईन त्याह्यची."

लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. साहेब पेन उघडून बसला होता.

"लिहा," मी म्हटलं. "गजानन किसनराव ढोके."